फांदीवरचा बाप

लॉर्ना ट्रेंबाथच्या व्हरांड्यात सकाळी काय सापडेल याचा नेम नसे. डॉसन्स बेंडमध्ये कुणाच्या परसात भोपळे जास्त आले की लोक ते तिच्या पायरीवर ठेवून जात आणि कुणाच्या गाडीखाली एखादे पोसम, म्हणजे झाडावर राहणारे मांजराएवढे जनावर, आले की तेही तिथेच. नाव कुणी सांगत नसे. भोपळ्याच्या बाबतीत ते चालून जायचे.

त्या दिवशी बिअरचे एक रिकामे खोके होते. झाकणाला स्क्रूड्रायव्हरने भोके पाडलेली, आत जुना टॉवेल. लॉर्नाने टॉवेल बाजूला केला आणि तिला हसू आले. खोक्याच्या कोपऱ्यात वाळक्या लाकडाचा एक तुकडा उभा होता. मान ताणलेली, चोच आभाळाकडे, डोळ्यांच्या जागी दोन बारीक चिरा. राखाडी पिसांवर सालीसारख्या काळपट रेघा. बेडूकतोंड्या होता तो, घुबडासारखा दिसणारा रात्रीचा पक्षी, आणि बिअरच्या खोक्यातही आपण फांदीच आहोत असे त्याने ठरवले होते.

"बरं बाबा, फांदी तर फांदी," असे म्हणत तिने त्याला अलगद उचलले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणले.

धान्यातल्या किडींच्या प्रयोगशाळेत नोकरीची सगळी वर्षे काढल्यामुळे घाईने मत बनवायची तिला सवय नव्हती. तिने आधी एक पंख उलगडून पाहिला, मग दुसरा. हाडे शाबूत होती आणि छातीचे मांस भरलेले होते. रुंद चोच उघडली तर आत रक्त नव्हते, पिवळेधमक टाळू होते आणि चावायची पुरेपूर तयारी होती. डोळे उघडले तेव्हा ते स्वच्छ होते. पक्षी ठणठणीत होता. ही चूक गावात दर वर्षी कुणीतरी करायचेच. दिवसाढवळ्या समोर बसलेले 'घुबड' माणूस जवळ गेला तरी उडत नाही, म्हणजे आजारी असणार असे समजून एखादा दयाळू माणूस त्याला खाली उतरवायचा. न हलणे हेच या पक्ष्याचे संरक्षण असते, हे लॉर्ना सांगून सांगून थकली होती. एरवी ती एकच प्रश्न विचारायची, कुठल्या झाडावरून काढलात? आणि संध्याकाळच्या आत पक्षी पुन्हा त्याच झाडावर असायचा.

आज विचारायला कुणी नव्हते.

मग तिने त्याला उताणे केले आणि तिचा हात थांबला. पोटावरची पिसे एकमेकांना चिकटली होती. वाळलेला पिवळा बलक, त्यात पांढऱ्या कवचाची एक कपची. भिंग लावून पाहिले तेव्हा बलकात केसाहून बारीक लाल धागे दिसले. रक्तवाहिन्या होत्या त्या. फुटले ते अंडे नुसते अंडे नव्हते, त्यात अर्धामुर्धा तयार झालेला जीव होता.

लॉर्ना खुर्चीवर बसली. बेडूकतोंड्यांत रात्री नर-मादी दोघे आळीपाळीने अंडी उबवतात, पण दिवसाची पाळी पूर्ण नराची. मादी दिवसभर जवळपासच्या झाडावर झोपून असते, ती काही उठून येत नाही. म्हणजे टेबलावर पडलेला हा बाप होता, आणि कुणीतरी त्याला अंड्यांवरून ओढून आणला होता. ही पाखरे बहुधा दोन अंडी घालतात. एक फुटले होते. दुसरे या क्षणी कुठल्यातरी झाडाच्या उघड्या बेचक्यात, चार काटक्यांवर, एकटे पडले असणार. उन्हात काही तास ते तग धरेल. पण दुपारनंतर दक्षिणेचा गार वारा सुटणार आणि पाऊस येणार असे रेडिओ सांगत होता. शिवाय करावाँग पक्षी होते. काळे, पिवळ्या डोळ्यांचे, दुसऱ्याची अंडी हुडकण्यात पटाईत. आज हा बाप परत जागेवर बसला नाही, तर उद्याचा दिवस त्या अंड्यासाठी नव्हताच.

"कुठून आणलं तुला?" तिने विचारले. त्याने डोळे मिटून घेतले.

उत्तर शेपटीत होते. पिसांच्या मुळाशी काहीतरी चमकत होते. तिने ते चिमट्याने काढून काचेवर ठेवले. माशाचे खवले होते, अगदी बारीक. आणि पंखांच्या टोकांना ओल्या जाळ्याचा वास. मोठा मासा पाण्याबाहेर घ्यायला लांब दांड्याचे जाळे वापरतात, त्यात हा सापडला होता. खालून जाळे वर घातले, पक्षी ओढला. वर अंडी आहेत हे त्या माणसाला दिसलेच नसणार. आणि नाव न सांगता खोके ठेवून तो का पळाला, तेही तिच्या लक्षात आले. एवढ्या बारीक खवल्यांचा, जाळे लागेल एवढा मोठा मासा या नदीत एकच, कॉड. आणि ऑक्टोबरात, म्हणजे आत्ता, कॉड धरायला बंदी असते.

तिने पक्ष्याला पुन्हा खोक्यात ठेवून वर टॉवेल टाकला, शिडी गाडीच्या टपावर बांधली आणि निघाली.

रोझा स्पाडाफोरा पेट्रोल, आमिष आणि गरम सॉसेज रोल एकाच गल्ल्यावरून विकायची.

"रोझा, या आठवड्यात तुझ्याकडून बार्डी अळ्या कुणी नेल्या?"

"अगं बाई! सकाळी सकाळी पोलिसात भरती झालीस की काय?"

"कुणी नेल्या सांग."

"लोक त्या यलोबेली मासा धरायला नेतात. त्याला बंदी नाही."

"यलोबेलीचा खवला मोठा असतो. हा बघ." लॉर्नाने काच गल्ल्यावर ठेवली.

रोझाने काच परत तिच्याकडे सरकवली. "हे बघ लॉर्ना, आमिषवाली आणि पाद्री, दोघांनी तोंड उघडलं की धंदा बसला. मी काही सांगणार नाही."

"रोझा, एक अंडं उघड्यावर पडलंय. त्याचा बाप माझ्या गाडीत आहे. मला कुणाला पकडून द्यायचं नाहीये, फक्त झाड हवंय."

रोझाने काचेतून बाहेर गाडीकडे पाहिले. मग तिने सॉसेज रोलचे कपाट उघडले, उगाच दोन रोल इकडचे तिकडे केले आणि पाठमोरीच बोलली. "अळ्यांचं मी बोलत नाही. पण बँड-एड काही आमिष नाही, हो ना? आज दुकान उघडलं आणि मर्व्ह डुलहंटी बँड-एड घेऊन गेला. अंगठा हा असा सुजलेला. म्हणाला, गुलाबाचा काटा लागला. मर्व्हच्या अंगणात सगळं सिमेंट आहे गं. दहा वर्षांत मी तिथे गवताचं पातं पाहिलं नाही."

लॉर्ना दारापर्यंत पोहोचली होती.

"मी काही बोलले नाही हं!" रोझा मागून ओरडली.

मर्व्ह डुलहंटी मच्छीमार संघाचा अध्यक्ष होता. दर वर्षी बंदीचे फलक तोच रंगवायचा. आत्ताही तो संघाच्या शेडमध्ये ब्रश घेऊन ओणवा झालेला होता आणि 'कॉड' या अक्षरांना लाल रंगाचा दुसरा हात देत होता. शेजारी त्याचा मेहुणा नेव्हिल क्रंप खुर्चीत बसून मदत करत होता, म्हणजे बोलत होता.

"ये लॉर्ना, ये. या माणसाला काहीतरी सांग. नदीत याची एक जागा आहे, जिथे माझ्याएवढे कॉड मिळतात. ती कळावी म्हणून मी याच्या बहिणीशी लग्न केलं. तीस वर्षं झाली. बहीण आहे, जागा नाही."

"बहिणीने सांगितलं तर ना," मर्व्ह म्हणाला. "तिलाही नाही सांगितलेली."

त्याच्या अंगठ्यावर बँड-एड होते. लॉर्नाने ते पाहिले, आणि ती पाहते आहे हे मर्व्हनेही पाहिले. त्याने ब्रश दुसऱ्या हातात घेतला. इथे, नेव्हिलसमोर आणि त्या ओल्या फलकासमोर, तो मेला तरी कबूल करणार नाही हे तिला समजले. भांडण जिंकण्यात घालवायला तिच्याकडे वेळ नव्हता.

"मर्व्ह, माझी गाडी कुरकुरतेय. जरा येऊन बघतोस?"

"मी बघतो की," नेव्हिल उठू लागला.

"तू मागच्या वेळी पाहिलीस तेव्हापासूनच कुरकुरतेय."

बाहेर आल्यावर तिने गाडीचे मागचे दार उघडले. खोके दिसताच मर्व्हचा आवाज आपोआप खाली आला. "जिवंत आहे ना?"

"आहे. तुझा अंगठा कसा आहे?"

मर्व्हने शेडकडे नजर टाकली. "कसला अंगठा? मला काही माहीत नाही."

"मग जिवंत आहे का ते कशाला विचारलंस?"

लॉर्नाने त्याला भिंगाखाली कवचाची कपची दाखवली आणि शांतपणे, एकेक वाक्य करून सगळे सांगितले. ऐकता ऐकता मर्व्ह गाडीच्या कडेला टेकला.

"तो हलतच नव्हता गं. रोज पहाटे जातो मी, रोज तिथेच. ऊन आलं तरी तिथेच. मला मासा लागो न लागो, तो असायचा. मी त्याच्याशी बोलायचो पण. मग वाटलं, हा उपाशी मरतोय आणि मी खाली बसून कॉफी पितोय. म्हणून जाळं..." त्याने तोंडावरून हात फिरवला. "अंड्यावर बसला होता?"

"अंड्यांवर. दोन असणार. एक गेलं."

"दे त्याला माझ्याकडे. मी ठेवून येतो परत."

"नाही."

"अगं, झाड मला माहीतय."

"तू जाळं ओढलंस तेव्हा घरटं हललं असेल. ते नीट बसवावं लागेल, अंडं जिवंत आहे का बघावं लागेल. शिडीवर मी चढणार. तू फक्त ने."

मर्व्हने मान हलवली. "ती जागा माझ्या आजोबांची, लॉर्ना. कुणाला दाखवली नाही."

"मला मासे नकोत."

"आज नकोत. उद्या कुणाला सांगशील."

"मग डोळे बांध माझे."

हे ती चिडून बोलली होती. पण मर्व्हने त्यावर खरोखरच विचार केला, आणि थोड्या वेळाने डॉसन्स बेंडची निवृत्त शास्त्रज्ञ लॉर्ना ट्रेंबाथ डोळ्यांवर टॉवेल बांधून, मांडीवर खोके धरून मर्व्हच्या पिकअपमध्ये बसली होती. मागे शिडी खडखडत होती. उजव्या गालावर ऊन येत होते, म्हणजे गाडी कुठल्या दिशेला चालली आहे हे तिला सांगता आले असते. मग ऊन डाव्या गालावर आले. मर्व्ह मुद्दाम फेरा मारत होता.

"मर्व्ह, फेरे नको. वेळ नाही."

"एकच फेरा."

"एकही नको!"

गाडी थांबली, मागे वळली आणि सरळ निघाली.

टॉवेल काढला तेव्हा समोर नदीचे संथ वळण होते, आणि त्यावर झुकलेले एक म्हातारे निलगिरीचे झाड. मर्व्हने बोट दाखवले, पण त्याची गरज नव्हती. आडव्या फांदीच्या बेचक्यातून काटक्यांचा एक विस्कटलेला पुंजका लोंबत होता. आणि शेजारच्या झाडावर एक करावाँग मान तिरकी करून तिकडेच पाहत बसला होता.

लॉर्नाने शिडी लावली. मर्व्हने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. तिचा गुडघा तिसऱ्या पायरीपासूनच बोलू लागला, पण तिने त्याचे ऐकले नाही. वर पोहोचली तेव्हा करावाँग उडून आणखी जवळच्या फांदीवर आला. "हॅत्!" मर्व्ह खालून ओरडला आणि त्याने टोपी फेकली. टोपी नदीत पडली. पक्षी जरा मागे सरला.

घरटे एका बाजूला कलंडले होते. तिथे पांढऱ्या कवचाचे तुकडे आणि मुंग्या. दुसरे अंडे दिसेना. लॉर्नाने श्वास रोखून सालीच्या खाचेत बोटे घातली, आणि काटक्या घसरून जिथे अडकल्या होत्या तिथे ते लागले. तिने ते ओठांना लावले. गार होते. अगदी दगडासारखे नाही, पण गार.

तिने अंडे स्वतःच्या टोपीच्या सावलीत धरले आणि मागून छोटी बॅटरी लावली. आत रक्तवाहिन्यांचे तांबूस जाळे पसरलेले होते. जाळे असून उपयोग नव्हता. ते मेल्यावरही काही काळ दिसते. ती तशीच थांबली. पायाखाली शिडी थरथरत होती. मग जाळ्याच्या मधोमध एक काळा ठिपका एकदा हलला. आणि पुन्हा एकदा.

"आहे," ती म्हणाली.

"काय आहे?"

"जीव आहे, मर्व्ह. नीट धर शिडी."

अंडे तिने ब्लाउजच्या आत, अंगाशी ठेवले आणि दोन्ही हात मोकळे केले. खांद्यावरच्या पिशवीतून नारळाच्या काथ्याचा तुकडा काढला, कुंड्यांच्या आत घालतात तसला. तो बेचक्यात दाबून तारेने बांधला, वर जुन्याच काटक्या रचल्या. नवी काटकी एकही नाही. पाखराला आपले घर ओळखू यायला हवे. मधल्या खोलगट जागी अंडे ठेवले. मग मर्व्हने खोके वर दिले आणि तिने बापाला फांदीवर ठेवले, घरट्यापासून हातभर दूर. अगदी घरट्यावर ठेवला असता तर त्याने दचकून पायाने अंडे ढकलले असते.

त्याने मान ताणली, चोच वर केली, डोळे मिटले. पुन्हा फांदी.

"आता?" शिडी आडवी करताना मर्व्हने विचारले.

"आता आपण लांब बसायचं. तो स्वतः गेला पाहिजे. मला त्याला बसवता येत नाही."

ती दोघे झुडपांमागे जाऊन बसली. आपल्या थर्मासमधला चहा मर्व्हने तिला झाकणात ओतून दिला आणि स्वतः बाटलीतूनच प्यायला. वारा पडला होता. दक्षिणेकडे ढगांची काळी कड वर येत होती. पक्षी हलत नव्हता. एरवी त्याचे न हलणे लॉर्नाला फार आवडायचे. आज हातभर अंतरावर अंडे गार होत होते आणि तो लाकडाचा तुकडा झाला होता. करावाँग परतला तो पलीकडच्या शेंड्यावर.

"आणि नाही गेला तर?"

"तर मी पुन्हा चढेन, अंडं उबदार करेन, आणि पुन्हा ठेवेन."

"गुडघा?"

"गुडघ्याला कोण विचारतंय?"

तेवढ्यात वळणामागून मोटारबोटीचा आवाज आला. मर्व्ह ताठ झाला. बोटीत नेव्हिल होता, एकटाच, डोळ्यांवर हात धरून दोन्ही काठ न्याहाळणारा. अध्यक्ष शिडी घेऊन एका बाईबरोबर गेला म्हटल्यावर तो शेडमध्ये बसून राहणे शक्यच नव्हते. त्याला झाडांमधून पिकअप दिसली असावी. बोट वळली आणि थेट त्या झुकलेल्या झाडाखालच्या काठाकडे येऊ लागली.

बेडूकतोंड्याचा एक डोळा उघडला.

"मर्व्ह," लॉर्ना कुजबुजली. "बोट झाडाखाली आली तर तो उडेल. दुपारी उडाला की अंधार पडेपर्यंत परतत नाही."

मर्व्हने बोटीकडे पाहिले. मग पाण्यावर पाहिले, जिथे कडेच्या मुळांमध्ये त्याच्या गळाची दोरी अजून बांधलेली होती. शोधणाऱ्याला दिसेल अशी. लपून राहिला असता तर नेव्हिलला पिकअप दिसली असती, माणूस नाही, आणि पुढचे काहीही सांगून निभावले असते. तो उठला. झाडापासून दूर, वरच्या अंगाला भराभर चालत गेला आणि उघड्या वाळूवर जाऊन दोन्ही हात हलवू लागला.

"सापडला!" नेव्हिलचा आनंद नदीभर झाला. "तीस वर्षं, मर्व्ह!"

"मोटार बंद कर."

"आधी सांग, हीच ना?"

"हीच. मोटार बंद कर आणि हळू बोल." मर्व्ह पाण्यात गुडघाभर शिरला आणि त्याने बोटीचे टोक धरले. "हीच जागा. आणि तिथे मुळांना दोरी बांधलेली दिसतेय, ती माझी आहे. या महिन्यातली."

नेव्हिलचे हसू चेहऱ्यावरच राहिले, पण त्यातला जोर गेला. "बंदीत? तू?"

"मी. संघाच्या सोमवारच्या सभेत मीच सांगणार आहे, तू कष्ट घेऊ नकोस. पण त्या झाडाखाली बोट नेलीस ना, नेव्हिल, तर बहीण परत घेऊन जाईन."

नेव्हिलने झाडाकडे पाहिले, मर्व्हच्या ओल्या विजारीकडे पाहिले. "काय आहे तिथे?"

"पोरगं आहे एकाचं."

नेव्हिलने आणखी काही विचारले नाही. मर्व्हने बोट ढकलली आणि ती आवाज न करता प्रवाहाबरोबर खाली जाऊ लागली, पलीकडच्या काठाला धरून.

लॉर्नाने यातले बरेचसे नुसते ऐकले. तिची दुर्बीण फांदीवरून हलली नव्हती. मोटार थांबली तेव्हा पक्ष्याने दुसराही डोळा उघडला होता. पिवळेजर्द, मोठे डोळे. दक्षिणेचा पहिला झोत आला, झाडाची पाने उलटी झाली, आणि शेंड्यावरचा करावाँग सरळ खाली झेपावला, घरट्याच्या टोकावर उतरला.

लॉर्ना अर्धी उठलीच. पण त्याआधी फांदीचा तो वाळका तुकडा एकदम दुप्पट झाला. सगळी पिसे फुगली, पंख अर्धे उघडले, आणि रुंद पिवळे तोंड एवढे मोठे उघडले की तिथे डोकेच नाही, नुसता जबडा आहे असे वाटावे. करावाँग धडपडत मागे उडाला. बेडूकतोंड्या एक पाऊल सरकला, मग आणखी एक, आडवे, फांदीवरून पाय न उचलता. घरट्याच्या कडेशी थांबला. खाली पाहिले. मग छातीची पिसे दोन्हीकडे सारत, हलत हलत, तो खाली बसला.

पावसाचे थेंब पडू लागले तेव्हा मर्व्ह वाकून, चोरपावलांनी परत आला. बुटांमधून पाणी गळत होते.

"काय झालं?"

तिने त्याच्या हातात दुर्बीण दिली. त्याने ती डोळ्यांना लावली, काच फिरवली, इकडून तिकडे पाहिले, पुन्हा काच फिरवली.

"कुठाय? मला नुसती फांदी दिसतेय."

"मग बसलाय," लॉर्ना म्हणाली.